‘पंचवीस पट क्लोरीन’ हा हिशेब कुठे चुकतो

पावसाळा लागून विहिरी गढूळ झाल्या की गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘पिण्याच्या पाण्यात क्लोरीन 0.2 पीपीएम (दहा लाख भागांत 0.2 भाग) असावं, असं शासनच सांगतं. ग्रामपंचायत मात्र 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, म्हणजे झाले 5 पीपीएम. पंचवीस पट जास्त! पाण्याला वास येतो हाच पुरावा. टीसीएल बंद करायला लावा, हवं तर घरच्या पिंपात चमचाभर टाका.’

यातले 0.2 पीपीएम आणि 5 ग्रॅम हे दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून तर मेसेज पटतो. आणि तो पटून ऐन जुलैत पाण्याचं शुद्धीकरण थांबलं, तर गॅस्ट्रोची साथ यायला वेळ लागत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘5 ग्रॅम म्हणजे 5 पीपीएम.’ पावडरचे 5 पीपीएम, हो. क्लोरीनचे नाही. 5 ग्रॅम म्हणजे 5000 मिलिग्रॅम. ते 1000 लिटरमध्ये गेले की लिटरला 5 मिलिग्रॅम. लिटरभर पाणी साधारण किलोभर, म्हणजे 10 लाख मिलिग्रॅम भरतं, म्हणून लिटरला 1 मिलिग्रॅम म्हणजेच 1 पीपीएम. इथवर मेसेजचं बरोबर आहे. पण टीसीएल म्हणजे निव्वळ क्लोरीन नव्हे. चांगल्या ताज्या पावडरमध्ये कामाला येणारा क्लोरीन सुमारे 33 टक्के असतो, बाकी बराचसा चुना. म्हणून 5 गुणिले 0.33, उत्तर 1.65 पीपीएम. पंचवीस पटीचे इथेच आठ पट झाले.

‘0.2 हवं असताना जास्त कशाला टाकायचं?’ सगळ्यात मोठी चूक ही आहे. 0.2 हा टाकायचा आकडा नाही, उरायचा आहे. पाण्यात क्लोरीन पडला की तो आधी पाण्यातली घाण, सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, लोह यांच्यावर खर्च होतो. हा खर्च भागून उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाण्याला तोच राखतो. समजा, पाण्याची क्लोरीनची मागणी, म्हणजे हा खर्च, 1.2 पीपीएम आहे. 1.65 टाकले तर 0.45 उरतील, उत्तम. पावसाच्या लोंढ्यानंतर तीच मागणी 1.6 वर गेली तर उरतील जेमतेम 0.05, म्हणजे तेवढाच टीसीएल टाकूनही पाणी असुरक्षित. आणि मेसेजच्या हिशेबाप्रमाणे 0.2 च टाकले तर दोन्ही वेळा उरेल शून्य.

वरची मर्यादाही सांगितली पाहिजे. भारतीय मानक आयएस 10500 नुसार अवशिष्ट क्लोरीन किमान 0.2 आणि दुसरा स्रोत नसेल तर 1 पीपीएमपर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य 5 पीपीएम आहे. म्हणजे 1.65 मधला एक कणही खर्च झाला नाही, तरी ते विष ठरत नाही. मात्र स्वच्छ बोअरच्या पाण्यात मागणी कमी असते, तिथे 5 ग्रॅमने 1 च्या वर उरू शकतं. तिथे मात्रा कमी करावी, पण मोजून.

‘वास येतो म्हणजे जास्त झालं.’ अनेकदा नेमकं उलट असतं. क्लोरीन अपुरा पडला की तो अमोनियाशी जुळून क्लोरामाइन तयार होतात, आणि तो उग्र वास बऱ्याचदा त्यांचाच असतो. नाकाने पीपीएम मोजता येत नाही.

‘पिंपात चमचाभर टाका.’ मला सगळ्यात जास्त काळजी या सल्ल्याची वाटते. 200 लिटरच्या पिंपाला त्याच हिशेबाने लागते 1 ग्रॅम पावडर. चमच्यात 5 ग्रॅम धरली तर लिटरला 25 मिलिग्रॅम पावडर, म्हणजे 8.25 पीपीएम क्लोरीन. ग्रामपंचायतीच्या ‘पाच’वर ओरडणारा मेसेज घरात आठ पाजायला सांगतो! शिवाय पावडर कोणती? तोंड उघडं राहून दमट झालेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो. तो निम्म्यावर, 16.5 टक्क्यांवर आला असेल तर 1000 लिटरला 10 ग्रॅम लागतात. तपासणीत किती टक्के निघाला हे माहीत नसेल तर ग्रॅमचा आकडा अर्धवटच.

मग मात्रा खरोखर कधीच चुकत नाही का? चुकते, आणि ती विहिरीच्या मापात. विहीर 3 मीटर व्यासाची, पाणी 4 मीटर खोल. त्रिज्या 1.5, तिचा वर्ग 2.25, गुणिले 3.14, गुणिले 4. आले सुमारे 28 घनमीटर, म्हणजे 28 हजार लिटर. पावडर लागेल 140 ग्रॅमच्या आसपास. कुणी त्रिज्येच्या जागी व्यास धरला की पाणी कागदावर चौपट होतं, पावडरही चौपट, आणि क्लोरीन जातो 6.6 पीपीएमवर. उलट पाणी 8 मीटरला चढलं आणि मात्रा उन्हाळ्यातलीच राहिली, तर ती निम्मी पडते. म्हणून दोरी सोडून पातळी दर वेळी बघायची.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तळाचा चुना बाजूला टाकायचा. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी: पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा, कारण उशिरा दिसणाऱ्या रंगात क्लोरामाइनही धरले जातात. नळयोजना असेल तर नमुना टाकीखालचा नको, गावाच्या शेवटच्या नळाचा घ्या. तिथे 0.2 मिळत नसेल तर ग्रामपंचायतीकडे मात्रा वाढवून मागा.