हिरो जिंकणार हे माहितीये, मग बघायचं काय?

एका लेखात म्हटलंय की हिरो पहिल्या एपिसोडपासून अजिंक्य असला की इसेकाईत (हिरो दुसऱ्याच जगात जाऊन पडतो असल्या अ‍ॅनिमेत) धाकधूकच उरत नाही. अर्धंच पटलं. ओव्हरलॉर्ड हा अ‍ॅनिमे घ्या ना, त्याचा हिरो आइन्झ व्हिडिओ गेममधल्या आपल्या पात्राच्या रूपातच दुसऱ्या जगात पोचलेला, गेममधल्या सगळ्यात वरच्या लेव्हल १०० चा, तिथले लोक त्याच्यापुढे किस झाड की पत्ती, तरी २०१८ च्या दुसऱ्या सीझनमधला लिझर्डमेनवाला (सरड्यासारख्या माणसांचा) भाग बघताना मी नखं कुरतडत बसलेलो, कारण तिथे गोष्ट आइन्झच्या बाजूने सांगतच नाहीत, त्या लिझर्डमेनमधल्या झार्युसू नावाच्या योद्ध्याच्या बाजूने सांगतात. एकमेकांशी न पटणाऱ्या पाच जमाती तो कशाबशा एकत्र आणतो, आइन्झची पहिली फौज जीव खाऊन परतवतात, जल्लोष होतो, आणि मग आइन्झ स्वतः येऊन सगळं तळंच गोठवून टाकतो! बिचाऱ्यांचे चेहरे बघा तेव्हा. पुढे आइन्झच्या कोसायटस या सरदाराशी लढायला जाताना मरणार हे त्यांनाही माहितीये नि आपल्यालाही, तरी घशात आवंढा येतोच.

आणि आइन्झच्याच बाजूची शॅल्टिअर त्याच्यावर उलटते, ती फाइट? तिची बिल्डच (ताकदींची जुळणी) आइन्झला भारी पडणारी, म्हणून तो तयारीनिशी जातो, गेममध्ये पैसे टाकून घेतलेली आयटमसुद्धा वापरतो (पगार उडवल्याचं सार्थक झालं एकदाचं).

खरा वैताग येतो तो हिरो एका फटक्यात ड्रॅगन मारतो आणि बाजूचे चारजण नुसते 'सुगोई' (जपानीत 'भारीच!') करत उभे राहतात तेव्हा. असल्या सिरीज मी जेवताना दीडपट स्पीडने लावतो, भाकरी संपली की बंद.