चोरी नाही हो, 'गहाळ' म्हणा!

गेल्या आठवड्यात बाजारात भाजी घेताना कुणीतरी माझ्या खिशातून मोबाइल उचलला. त्यानंतर पोलीस ठाण्यात अडीच तास बाकड्यावर बसून जे शहाणपण आलं, ते सोलापूरकरांना फुकट वाटतोय.

'चोरी' हा अभद्र शब्द तोंडातून काढू नका. मी काढला आणि ठाणे अंमलदारांचा चहा कडू झाला. "मालक, पडला असंल की कुठंतरी. गहाळमध्ये टाकतो, सिमकार्डापुरता दाखला मिळतोय." खिसा ब्लेडनं कापलेला दाखवला, तर म्हणाले, "शिवून घ्या." त्यांचंही बरोबर आहे. महिन्याच्या गुन्हे बैठकीत साहेब विचारणार, गुन्हे किती वाढले, उघडकीस किती आले? चोरी लिहिली की आकडा वाढतो, तपास मागे लागतो आणि चोर सापडला नाही तर बोलणीही खावी लागतात. गहाळ लिहिलं की सगळे सुखी. म्हणजे चोरावर वचक नसला तरी चालेल, कागदावर हवा! जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की बघा, शहरभरचे मोबाइल आपणहून उड्या मारतील.

वरिष्ठांच्या वार्षिक तपासणीच्या दिवशीच जा. खुर्ची मिळते. पाणीसुद्धा.

कॅमेऱ्याकडे बोट दाखवू नका. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. तो चालू आहे का, हे विचारलं की मात्र साहेबांना फोन येतो.

फारच बोंब मारलीत तर शिपायाला 'कंट्रोल जमा' करतील, म्हणजे ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात बसवतील. थोड्या दिवसांनी तोच दुसऱ्या ठाण्यात तुम्हाला 'गहाळ' म्हणायला शिकवेल.

आता खरंच डोकं फिरलंय. दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवायचाच, हे २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगून झालंय. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, हा त्याच कोर्टाचा आदेश २००६ चा. त्या शिपायावर मी काय चिडू? बंदोबस्तात बारा-बारा तास उभा राहतो बिचारा. अहो वरिष्ठ, कमी आकड्यासाठी पाठ थोपटता तुम्ही, आणि लिहून घेतलं नाही म्हणून चौकशी कुणाची केलीत कधी? केराची टोपली तुम्हीच ठेवलीत, तो फक्त तिच्यात टाकतोय!

माझ्या दाखल्यावर लिहिलंय, 'नजरचुकीने गहाळ'. कुणाच्या नजरेची चूक, तेवढं तरी लिहायचं होतं.