सेंद्रिय द्राक्षबागेत बुरशी नसते? खुलासा

द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सेंद्रिय वेलीत बुरशी नसते, रासायनिक वेल बुरशीने भरलेली असते.' हे चूक आहे.

बुरशी दोन्हीकडे असते. वेल ठणठणीत दिसत असली तरी तिच्या खोडात, काडीत अल्टरनेरिया, एपिकोकम, ऑरिओबॅसिडियम अशा बुरश्या मुक्काम करून असतात आणि एरवी त्रास देत नाहीत. फरक पडतो तो त्यांच्या जातींत आणि प्रमाणात. उत्तर इटलीत सेंद्रिय आणि एकात्मिक पद्धतीच्या (म्हणजे गरजेपुरतीच रासायनिक फवारणी करणाऱ्या) बागांतल्या काड्या तपासल्या, तेव्हा आतल्या बुरश्यांचा गोतावळा वेगवेगळा निघाला. बुरशी मात्र दोन्हीकडे होती!

दुसरं म्हणजे, सेंद्रिय बाग 'बिनफवारणीची' नसते. भुरी आणि केवडा हे द्राक्षाचे दोन नेहमीचे रोग; भुरीसाठी गंधक आणि केवड्यासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, तिथेही चालतं. हे मिश्रण 1885च्या सुमाराचं, फ्रान्समधलं. पण तांबं जमिनीत साठतं, म्हणून युरोपीय संघाने त्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. तांबं आणि गंधक पचवणारी ऑरिओबॅसिडियम अशा बागांत जोरात वाढते, ती यामुळेच असावी. ती द्राक्षावर जागा अडवून काही रोगकारक बुरशींना रोखते, हे मात्र खरं.

आणि ज्या केवड्यासाठी ही बोर्डोची फवारणी, तो करणारा जीव शास्त्रीय अर्थाने बुरशी नाहीच; तो ऊमायसीट गटातला, शेवाळांचा दूरचा नातेवाईक. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या (फळांसाठीच्या छाटणीनंतरच्या) पावसात बिनफवारणीची बाग एकदा बघून यावी.