‘मूल दहा वर्षांचं होईपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘कॉकलिअर इम्प्लांटमध्ये बाळाच्या मेंदूत तार घालतात. उरलंसुरलं ऐकू येणंही कायमचं जातं. परदेशात बिनऑपरेशनचा उपाय निघालाय, तेव्हा मूल दहा वर्षांचं होईपर्यंत थांबा.’ कॉकलिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्या कानासाठीचं यंत्र: बाहेरचा प्रोसेसर आवाज टिपतो, डोक्यावरची कॉईल तो आत पाठवते आणि आत बसवलेली तार ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देते. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. परवा एका आईने हा मेसेज दाखवला आणि ऑपरेशनची तारीख रद्द केल्याचं सांगितलं. मूल सव्वादोन वर्षांचं आहे. म्हणून हे लिहितेय.

मेंदूत तार जात नाही. कानामागे छेद घेऊन हाडातून वाट करतात आणि बारीक तार अंतर्कर्णातल्या कॉक्लिआत सरकवतात. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची ही नळी वाटाण्याएवढी असते. चेहऱ्याची नस तिथून जवळच जाते, म्हणून ऑपरेशनभर तिच्यावर यंत्राने लक्ष ठेवतात. मेंदूज्वराचा थोडा धोका असतो, त्यासाठी न्यूमोकॉकलची लस देतात. ती घेतली का, एवढं मात्र जरूर विचारा.

उरलेलं ऐकू येणं जातं, ही गोष्ट अर्धी खरी आहे. जाऊ शकतं. पण गेली तीस वर्षं या शस्त्रक्रियेतलं बरंच संशोधन त्याच एका प्रश्नामागे लागलंय. पूर्वी कॉक्लिआला वेगळं भोक पाडून जाडसर, ताठ तार घालत. आता बहुतेकदा कानातल्याच नैसर्गिक गोल खिडकीतून मऊ, लवचीक तार अगदी हळू सरकवतात, कारण घाई केली की आतला नाजूक पडदा फाटतो. काही ठिकाणी तार आत जात असतानाच कानात आवाज सोडतात आणि जिवंत पेशींचा प्रतिसाद त्याच तारेतून मोजतात. प्रतिसाद घसरला की सर्जन थांबतो, तार किंचित मागे घेतो. कधीकधी ऐकू येणं ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी जातं, सूज आणि व्रणामुळे. त्यासाठी स्टिरॉइड पाझरणाऱ्या तारांवर काम सुरू आहे. हाताचा कंप टाळायला रोबोटही आलाय. स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या पहिल्या रोबोटिक शस्त्रक्रियेचा अहवाल 2017 साली प्रसिद्ध झाला. शिवाय ज्या बाळाला जोरदार श्रवणयंत्र लावूनही बोलणं कळत नाही, त्याच्यासाठीच हे ऑपरेशन असतं. त्याचं काय किती उरलंय, हे त्याच्याच तपासण्यांत बघायचं. मेसेजमध्ये नाही.

‘बिनऑपरेशनचा उपाय’ म्हणजे बहुधा जनुकीय उपचार. बातमी खरी आहे, आनंदाचीही आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ओटोफ या जनुकात दोष असलेल्या मुलांवर तो केला, आणि 2024 च्या जानेवारीत त्याचे निकाल आले. त्यातल्या बहुतेक मुलांना ऐकू येऊ लागलं. पण जन्मजात बहिरेपणात ओटोफचा वाटा फार थोडा. आणि ते औषधही भूल देऊन, त्याच गोल खिडकीतून आत सोडावं लागतं.

‘दहा वर्षांचं होईपर्यंत थांबा’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूला पहिली तीन-साडेतीन वर्षं सगळ्यात मोलाची. सातनंतर आवाज पोचतो, पण त्यातून भाषा उभी राहणं फार अवघड होतं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतही अशा मुलांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. यंत्रमागावर आयुष्य काढून ऐकू येईनासं झालेल्या आजोबांचं वेगळं, भाषा त्यांच्याकडे आधीच आहे.

साखर पेठेतली एक मुलगी माझ्याकडे येते. पुढच्या खोलीत माग, मागे घर. अडीच वर्षांची होईपर्यंत ती भिंतीला तळहात लावून बसायची. माग थांबला की हात काढायची. स्विच ऑननंतर, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर, पहिले काही दिवस मागाचा खडखडाट सुरू झाला की रडायची, कॉईल ओढून टाकायची. मग मॅपिंग, म्हणजे यंत्राचे आवाज तिला सोसतील असे जुळवणं, आणि रोजचा सराव. मी तोंडासमोर पुठ्ठा धरून ‘आ’, ‘म’, ‘श’, ‘स’ म्हणायचे; ऐकू आलं की तिने डब्यात मणी टाकायचा. ‘स’ला मणी पडायला पाच महिने लागले. आता ती आतल्या खोलीतून ओरडते, “बाबा, माग बंद झाला!”

मेसेजमध्ये जे लिहायला हवं होतं ते नाहीच. वायर तुटते, बॅटरी संपते, पावसाळ्यात प्रोसेसर रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डब्यात, ठेवावा लागतो, आणि वॉरंटी संपल्यावरचा खर्च हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. थेरपीसाठी आईची रोजी बुडते. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारा. तारीख रद्द केलेल्या त्या आईबरोबर सोमवारी मी जाणार आहे, नवीन तारीख मागायला.