‘४८ तासांत घर पूर्ववत’ म्हणे!

पूर किंवा वादळ येऊन गेलं की एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मथळा साधारण असा: ‘हिंमत असेल तर पुरात बुडालेलं घर ४८ तासांत पूर्ववत करता येतं.’ खाली सल्ल्यांची यादी, शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं नाही. घरात घोटाभर गाळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘दोन दिवसांत सगळं ठीक होईल’ हे ऐकावंसं वाटणारच. पण ही यादी जिथे दमानं घ्यायला हवं तिथे घाई करायला लावते आणि जिथे खरोखर घाई हवी तिथे ‘होईल आपोआप’ म्हणून मोकळी होते. म्हणून तिच्यातले मुद्दे एकेक करून घेतो.

‘वारा पडला की वेळ न घालवता बाहेर पडा आणि छप्पर दुरुस्त करा.’

वारा पडला म्हणजे वादळ गेलं, असं कुणी सांगितलं? चक्रीवादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावरून जात असेल तर मधेच सगळं एकदम शांत होतं, कधी आभाळही उघडतं. डोळ्याचा व्यास साधारण ३० ते ६५ किलोमीटर असतो, त्यामुळे ही शांतता काही मिनिटांत संपू शकते किंवा तासाहून जास्तही टिकू शकते. मग डोळ्याभोवतीच्या जोरदार वाऱ्याच्या कड्याची मागची बाजू येते आणि वारा उलट्या दिशेनं सुटतो, पहिल्याइतकाच जोरात. पहिल्या फेरीत खिळखिळे झालेले पत्रे दुसऱ्या फेरीत उडतात आणि जी बाजू मघाशी आडोशाची होती तीच आता वाऱ्याच्या तोंडाशी येते. हवामान खात्यानं वादळ पुढे सरकल्याचं सांगेपर्यंत शिडीला हात लावू नये. नंतरही ओल्या छपरावर एकट्यानं चढू नये. आणि खाली पडलेली तार ‘मेलेली’ आहे असं गृहीत धरू नये, तिच्यापासून निदान दहा मीटर लांब राहावं.

याच मेसेजमध्ये ‘वादळात खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, दाब समान होतो’ हेही आहे. हा समज फार जुना आणि फार चिवट. घर हवाबंद नसतं, फटींतून दाब जुळतच असतो. उलट उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला आतून वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला बाहेरून ओढतच असतो. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याबद्दलही तेच. काच त्यानं मजबूत होत नाही, फुटली तर मोठाले तुकडे उडतात इतकंच.

‘बाहेरचं पाणी उतरलं की मोठा पंप लावून तळघर एका दमात कोरडं करा.’

ज्यांच्या घराला तळघर नाही त्यांनी हा मुद्दा सोडून दिला तरी चालेल. ज्यांच्या आहे त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की बाहेर जमिनीवर पाणी दिसत नसलं तरी भिंतीमागची माती पाण्यानं तुडुंब असते. एक मीटर खोल पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला एक टन भार पडतो. आत पाणी असेपर्यंत दोन्हीकडचा दाब एकमेकाला तोलून धरतो. आतलं पाणी झटकन काढलं की भिंत एकटी पडते, आत कलते, कधी खालची फरशीही उचलली जाते. अमेरिकेत आपत्तीनंतर मदत करणारी ‘फेमा’ ही संस्था साधी पद्धत सांगते: फूटभर पाणी उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली तर अजून उपसायची वेळ झालेली नाही.

‘मेन स्विच चालू करून बघा. भिजलेली उपकरणं दोन दिवस कडक उन्हात ठेवली की चालतात.’

या एका ओळीत सगळ्या यादीपेक्षा जास्त धोका आहे.

पुराचं पाणी हे नुसतं पाणी नसतं. त्यात माती, मीठ, तेल, सांडपाणी असं सगळं असतं. बुडालेल्या स्विचबोर्डचं झाकण काढून बघा. मागच्या बाजूला तांबूस गाळाचा पातळ थर बसलेला दिसतो, स्क्रूच्या खाचांतसुद्धा. ऊन लागून पाणी उडून जातं, हा थर जात नाही. तो हवेतली ओल पुन्हा धरतो आणि दोन टोकांमध्ये विजेला वाट करून देतो. फ्रिज, मिक्सर, पंख्याच्या मोटारी यांच्या बाबतीत हेच.

एमसीबीचं, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचचं, तर जास्तच वाईट. आतली स्प्रिंग आणि यंत्रणा गंजली तर वरून बटण व्यवस्थित खालीवर होतं, पण जिथे ते आपोआप पडायला हवं तिथे पडत नाही. म्हणजे ज्याच्या भरवशावर घर झोपलंय तोच पहारेकरी झोपलेला. बुडालेला एमसीबी वाळवायचा नसतो, बदलायचा असतो. आणि वीज जोडण्याआधी वायरमनकडून सगळं वायरिंग तपासून घ्यायचं. हे काम दोन दिवसांत होईल की दहा, ते वायरमन कधी मिळतो यावर. पुरानंतर तो सगळ्यांनाच हवा असतो.

मेन बंद आहे म्हणून घरात कुठेच वीज नाही, असंही समजू नये. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर वीज असते. छपरावरचं सौर पॅनल ऊन पडलं की वीज बनवतं, खाली मेन बंद असो वा नसो. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊच नये, वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगावं. विजेवर चालणारी गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर तिला घरापासून लांब, उघड्यावर ठेवावं. २०२२ साली इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडात अशा काही गाड्या पाणी ओसरल्यानंतर पेटल्या होत्या.

‘जनरेटर आत ठेवा म्हणजे भिजणार नाही. खिडकी उघडी असली की झालं.’

नाही, होत नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि दिवसभर गाळ उपसलेल्या माणसाला वाटतं की दमलोय, जरा पडतो. तो पडतो तो उठत नाही. २०२० च्या लॉरा वादळानंतर लुइझियानात जनरेटरच्या धुरानं अनेकांचा जीव गेला, वादळ निघून गेल्यावर, आपापल्या घरात. उघडी खिडकी, उघडं गॅरेज, व्हरांडा, काहीही पुरत नाही. जनरेटर घरापासून निदान सहा मीटर लांब हवा, धुराचं तोंड दारंखिडक्यांच्या उलट दिशेला. कोळशाची शेगडीही घरात पेटवू नये, कारण तेच.

आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्ख्या घराला वीज द्यायची ‘युक्ती’ कुणी शिकवलीच, तर हात जोडून नको म्हणावं. ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब चढतो आणि पुढे खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला ती मारते.

‘भिंती आपोआप वाळतील, सामान सवडीनं काढा. बुरशी दिसली तर ब्लीच ओता आणि रंग मारून घ्या.’

इथे मात्र खरी घाई हवी. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. म्हणजे ज्या दोन दिवसांत हे महाशय घर पूर्ववत करून देणार होते, तेवढ्यातच गाद्या, गालिचे आणि फळ्यांच्या कपाटामागे बुरशी सुरू झालेली असते. कत्रिना वादळ २००५ च्या ऑगस्टमध्ये आलं. ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्स परिसरातली जी घरं तपासली त्यांतल्या ४६ टक्के घरांत बुरशी डोळ्यांना दिसत होती.

म्हणून आत शिरणं सुरक्षित आहे याची खात्री झाली की पहिलं काम फोटोंचं. भिंतीवरची पाण्याची खूण, प्रत्येक खोली, उपकरणांचे मॉडेल क्रमांक. विम्यासाठी हे लागतंच, आणि मेसेजमध्ये ‘आधी साफसफाई, कागदपत्रं नंतर’ असं जे म्हटलंय ते पाळलं तर दाखवायला काही उरतच नाही. दुसरं काम, पाणी शोषणारं सगळं बाहेर काढणं. गाद्या, उशा, सोफ्याचा फोम, भुशाच्या फळ्यांचं फर्निचर. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात भिजलेली गादी धुऊन वापरायचा मोह होतो, तो आवरावा. मग बाहेर हवा कोरडी असेल तेव्हा दारंखिडक्या उघडून वारा खेळता ठेवायचा. हातात मोजे, पायात गमबूट, तोंडाला मास्क. पायाला जखम असेल तर डॉक्टरांना धनुर्वात आणि लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधाबद्दल विचारावं.

ब्लीचचं म्हणाल तर फरशी, काच, धातू यांसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ते उपयोगी पडतं, पण आधी साबणानं गाळ धुतल्यावर. गाळ तसाच असेल तर ब्लीचमधलं क्लोरिन त्याच्यावरच खर्ची पडतं. लाकूड, प्लास्टर, कापड यांत बुरशीचे धागे आत गेलेले असतात, तिथे वरवरचं ब्लीच पोचत नाही, आणि मेलेली बुरशीसुद्धा दमा असलेल्या माणसाला त्रास देते. एक सूचना तर मेसेजमध्ये असायलाच हवी होती: ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फार लवकर साठतो.

रंगाची घाई सगळ्यात फसवी, कारण ती दिसायला सगळ्यात छान. विटांची भिंत पाणी खालून वर ओढते, त्यामुळे ओल पाण्याच्या खुणेच्या बरीच वर चढलेली असते. वरून हात लावला तर कोरडी लागते, आत मात्र ती वाळायला महिने जातात. वर ऑइल पेंट मारला की आतली ओल कोंडते. मग पोपडे सुटतात, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुलतो, रंगामागे बुरशी वाढते आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. साधी तपासणी हवी तर प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी बघा. आतून थेंब धरले असतील तर रंगाऱ्याला अजून थांबायला सांगा.

‘पाण्यात तुरटी फिरवा, निर्धास्त प्या.’

तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी नितळ दिसतं म्हणून माणूस फसतो. नितळ झालेलं पाणी गाळून खळखळून उकळलं आणि उकळी किमान एक मिनिट राहू दिली की जंतूंचा प्रश्न सुटतो. डिझेल, कीटकनाशकं उकळून जात नाहीत. तसा वास असलेलं पाणी कशानंही पिण्याजोगं होत नाही. विहीर किंवा बोअर बुडाली असेल तर निर्जंतुक करून पाणी तपासून घेईपर्यंत तिचं पाणी पिऊ नये.

‘रडत बसू नका. कामाला लागलं की मन ताळ्यावर येतं, मुलं तर दोन दिवसांत विसरतात.’

हा मुद्दा वाचून मला सर्वात जास्त राग आला. इंग्लंडमध्ये २०१३-१४ च्या हिवाळ्यात पूर आले, त्यानंतर वर्षभरानं लोकांची पाहणी झाली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यातल्या सुमारे ३६ टक्के लोकांत आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं होती, २८ टक्क्यांत चिंताविकाराची, २० टक्क्यांत नैराश्याची. दोन दिवस नव्हे, एक वर्ष झालं होतं. घर सोडून दुसरीकडे राहावं लागलेल्यांना जास्त त्रास होता, आणि ज्यांना पुराची सूचना पुरेशी आधी मिळाली होती त्यांना कमी. म्हणजे हिमतीचा प्रश्नच नव्हता, वेळेवर सूचना मिळाली की नाही याचा होता.

घरातला कर्ता माणूस बहुधा बोलतच नाही. तो विम्याचे फोन करतो, गाळ ओढतो, रात्री पाऊस लागला की उठून दाराच्या उंबऱ्याशी टॉर्च मारून येतो. मुलं ‘विसरली’ असं आपण म्हणतो ते ती विचारत नाहीत म्हणून. ढग गडगडला की एखादं मूल दप्तर उचलून माळ्यावर ठेवतं, एखादं रात्री पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. लहान मुलांत हे होतं, त्यावर रागवून उपयोग नाही. त्यांना खरं, थोडक्यात सांगावं: पाणी कुठून आलं, आता ते कुठे आहे, पुन्हा आलं तर आपण कुठे जाणार. बिनधोक, संपणारं काम द्यावं. झोपेच्या आणि शाळेच्या वेळा जमतील तितक्या लवकर पूर्वीसारख्या कराव्यात. आणि मोठ्या माणसाची झोप महिनाभर परतली नाही किंवा तो घरात असूनही नसल्यासारखा वागायला लागला, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं, ताप आल्यावर नेतो तसंच.

‘भिजलेले फोटो, कागद फेकून द्या. भावनेत अडकू नका.’

का फेकायचे? एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. गाळ लागलेला असेल तर स्वच्छ गार पाण्यात हलकेच बुडवून काढावा आणि फोटो चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवावेत. पण नेमक्या त्याच दोन दिवसांत हे करायला सवड कुणाला असते? त्यावर उपाय आहे. कागद आणि फोटो प्लास्टिकच्या पिशव्यांत थोडे थोडे करून, वीज चालू असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. १९७२ साली ॲग्नेस वादळाच्या पुरात अमेरिकेतल्या कॉर्निंग काच-संग्रहालयाचं ग्रंथालय बुडालं, तेव्हा तिथली भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून ठेवली आणि पुढे सवडीनं सुकवली. घरातला मुलांच्या फोटोंचा अल्बम आणि जमिनीचे कागदही तोवर तिथे राहू शकतात.