सिबिल सुधारून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्यावरून मिळणारा स्कोअर, जितका जास्त तितकं कर्ज मिळणं सोपं.

मावसभाऊ आला होता. भोसरीला सीएनसीवर काम करतो, सरळ मुलगा. चहा संपेपर्यंत गप्प, मग म्हणाला, "दादा, सिबिल सुधारायला एकाला पंधरा हजार दिलेत. तीन महिने झाले, आता फोन उचलत नाही." पंधरा हजार! ओव्हरटाइम करून साठवलेले. ४५ दिवसांत स्कोअर ७५० करतो म्हणाला, पॅन घेतलं, आधार घेतलं, ओटीपीसुद्धा मागून घेतले. याने दिले.

मी ओरडलो त्याच्यावर. ओरडायला नको होतं.

कारण २०२१ मध्ये मीही तिथेच होतो. गृहकर्जासाठी बँकेत गेलेलो, बायको शेजारी. साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिबिल खराब आहे तुमचं, नाही होणार." घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मीही असल्याच एका ऑफिसात जाऊन बसलो. आठ हजार मागितले. तेवढे त्या महिन्यात हातात नव्हते म्हणून वाचलो.

मग रात्री बसून स्वतः माझ्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा रिपोर्ट काढला. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, अशा नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. बँकेतल्या एकानेही मला ते सांगितलं नव्हतं. रिपोर्टात एक क्रेडिट कार्ड निघालं. मॉलमध्ये एका मुलाने "आजीवन फुकट" म्हणून गळ्यात मारलेलं, मी कधी वापरलंही नव्हतं. त्याला ५९० रुपये वार्षिक फी लावलेली, बिलं जुन्या पत्त्यावर जात होती. दर महिन्याच्या चौकोनात थकलेले दिवस चढत गेलेले, ३०, ६०, ९०. ५९० रुपयांसाठी आमचं घर अडलं होतं! बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल केले, सिबिल कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. अडीच महिने गेले, पण फीही रद्द झाली आणि नोंदही सुधारली. खर्च शून्य.

एजंट याहून वेगळं काय करतो? तोच फॉर्म भरतो. सिबिल आपल्या मनाने एक अक्षर बदलत नाही, बँकेला विचारते, बँक हो म्हणाली तरच बदलते. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते, आणि एप्रिल २०२४ पासून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. एवढं करूनही बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथेही पैसे लागत नाहीत.

भावाचा रिपोर्ट आज मीच काढला. त्याची नोंद खरी आहे. लॉकडाऊनमध्ये पगार थांबला, पर्सनल लोन थकलं, ६२ हजारांची बाकी वसुलीवाल्यांनी ३५ हजारांत मिटवली. हा बिचारा समजला, कर्ज फिटलं. रिपोर्टात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' आहे. म्हणजे बँकेने पाणी सोडलेले २७ हजार अजून त्याच्या नावाला चिकटलेले. खरी नोंद कुणाचा बाप पुसू शकत नाही. उरलेले पैसे बँकेत भरायचे, काही बाकी नाही असं नो ड्यूजचं पत्र घ्यायचं, बँकेकडून 'क्लोज्ड' करून घ्यायचं आणि पुढचे हप्ते तारखेला भरत राहायचं. एजंटला दिलेल्या पंधरा हजारांत यातले निम्म्याहून जास्त भागले असते! वर त्या माणसाने स्कोअर बघायला म्हणून पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकायला लावले. त्या पाचही चौकशा आता रिपोर्टात दिसतायत, त्यानेही स्कोअर खालीच जातो.

हो, कुणाच्या पॅनवर परस्पर कर्ज उचललं असेल तर वकील करा, तिथे पैसे द्यायला माझी ना नाही. आणि तक्रारीचं ते पोर्टल इंग्रजीत, माझ्या आईला जमणार नाही, हेही मान्य. पण मग घरातल्या पोराला बसवा, मला बोलवा.

राग आता थोडा उतरलाय. भावाला विचारलं, माझ्याकडे आधी का नाही आलास? मान खाली घालून म्हणाला, "तुला काय वाटलं असतं?" त्या दिवशी बँकेतून परतताना मलाही हेच वाटत होतं. वडिलांना मी अजून ते सांगितलेलं नाही. ही माणसं आपल्या त्या लाजेवर धंदा करतात, म्हणून माझी चीड जात नाही.

उद्या बँकेला पत्र लिहायला त्याला बोलावलंय. सेटलमेंटचं मूळ पत्र घेऊन ये म्हटलं, तर म्हणाला, ते एजंटकडेच आहे.

म्हणजे उद्या आधी तिथे. दोघंही जाणार आहोत.