दीड लाखाचा लॅपटॉप आणि ‘फुकट’ क्लाउड

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की पालकांच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज फिरायला लागतो. ‘कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली? मग ग्राफिक्स कार्डवाला दीड लाखाचा लॅपटॉप घ्याच. कॉलेजच्या सर्व्हरवर (सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या मशीनवर) वापराच्या वेळेचा कोटा लावून, रांगेत उभं करून मुलांची अडवणूक करतात. आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं दुसऱ्याचं मशीन, आता फुकट आहे, लॅब हवी कशाला?’

आधी लॅपटॉप. सुरुवातीची वर्षं सी++, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम यांत जातात. लिंक्ड लिस्ट उलटी करायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम आणि एसएसडीवाला साधा लॅपटॉप पुरतो. ‘पण एआयला लागेल ना?’ हिशेब करा. ७ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेल शिकतं त्या आकड्यांचं) मॉडेल १६ बिटांत ठेवायचं तर दर पॅरामीटरला २ बाइट, म्हणजे नुसतं मेमरीत बसवायलाच १४ जीबी. त्या महागड्या लॅपटॉपच्या कार्डावर बहुधा ८ जीबी असते. ४ बिटांत आवळून मॉडेल चालवता येतं, हे खरं. पण मुळापासून ट्रेन करायचं, म्हणजे शिकवायचं म्हटलं तर नाव नको. गेम खेळायचे असतील तर खुशाल घ्या, फक्त वडिलांना अभ्यासाचं कारण सांगू नका.

आता कोटा आणि रांग. मेसेजमधला सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. चार जीपीयूंचा (ग्राफिक्स कार्डांचा) एक सर्व्हर आणि वापरणारी शंभर मुलं, असं असताना रांग नसेल तर काय होतं? एखादा मुलगा ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड चालवायची वही) उघडी ठेवून गावी जातो. इकडे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड मारली की दिसतं: मेमरी भरलेली, वापर शून्य टक्के. कार्ड धड काम करत नाही आणि दुसऱ्यालाही मिळत नाही. हे टाळायलाच स्लर्मसारखा शेड्युलर, म्हणजे कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर, बसवतात. जॉब (आपलं काम) टाकताना प्रोसेसरचे किती कोअर, किती मेमरी, किती वेळ ते सांगायचं. जागा झाली की तो जॉब सुटतो.

अडवणूक वाटते त्यामागे बऱ्याचदा आपलंच कारण असतं. अर्ध्या तासाच्या कामाला ४८ तास मागितले की जॉब ‘पेंडिंग’मध्ये पडून राहतो. मोठ्या जॉबसाठी जागा मोकळी होईपर्यंत मध्ये जी फट राहते, तिच्यात शेड्युलर छोटे जॉब सरकवतो, याला बॅकफिल म्हणतात. खरा वेळ लिहिणाऱ्याचा नंबर म्हणूनच लवकर लागतो. पण ही युक्ती सीनिअरने सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि तिथे दोष कॉलेजचा आहेच.

रेशनिंग हा काही आपल्याकडच्या कॉलेजांचा शोधही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ साली सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग प्रणाली दाखवली गेली. एकच मशीन अनेकांत वाटायचं, म्हणून पासवर्ड आले, वेळेचा कोटा आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आपला कोटा पुरेना, म्हणून त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर वेळ वापरला. (हा मार्ग सुचवत नाहीये.)

क्लाउड फुकट? गूगलच्या कोलॅब या क्लाउड सेवेच्या फुकट खात्यावर जीपीयू मिळेल तेव्हा मिळतो. सेशन रिकामं राहिलं की तुटतं, आणि फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवली नसेल तर तीही जाते. शिकायला उत्तम, प्रोजेक्टच्या आदल्या रात्री भरवशाचं नाही. पैसे मोजून घेतलेलं मशीन बंद करायला विसरलात, तर मीटर चालूच राहतो, आणि पैसे कापले जातात ते क्रेडिट कार्ड बहुतेक वेळा आईवडिलांचं असतं.

एक तक्रार मात्र मेसेजवाल्यांनी करायला हवी होती: कित्येक कॉलेजांत लॅबला पाच वाजता कुलूप लागतं आणि सर्व्हर फक्त तपासणी समितीच्या भेटीत दाखवायला असतो. म्हणून ॲडमिशन घेताना लॅपटॉपचं मॉडेल विचारू नका. विद्यार्थ्याला सर्व्हरवर लॉगिन मिळतं का, रात्री घरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीने) शिरता येतं का आणि शेड्युलर कोणता आहे, ते विचारा.